टेस्टेसाहेब येणार होते

चूक झाली तर माणसानं गप्प बसावं. तिचा बंदोबस्त करायला जाऊ नये. चूक बिचारी एकटी येते आणि एकटी जाते. बंदोबस्ताला मात्र मंडप लागतो. हे मी अलंकारिक बोलत नाही. खरोखरचा मंडप, कनातीसकट.

आम्ही लोणावळ्यात राहतो. मी, नवाज तांबोळी, घरी बसून एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि माझी बायको जीनत शाळेत गणित शिकवते. पवना धरणाजवळ तिकोणा पेठेला आमचं तीन खोल्यांचं घर आहे, ते आम्ही शनिवार-रविवार पाहुण्यांना देतो. घराची व्यवस्था अंबाजीआबा बघतात आणि त्यांच्या पत्नी शालूबाई स्वयंपाक करतात. त्यांच्या हातच्या रश्श्यासाठी माणसं पुण्याहून येतात आणि किल्ला चढायचा विसरून परत जातात.

बुकिंगसाठी मी स्वतःच एक साइट लिहिली होती. पाहुण्यानं नाव, माणसं, तारीख आणि जेवण भरायचं, की शालूबाईंच्या फोनवर आपोआप निरोप जायचा. छान चाललं होतं. मग एके दिवशी मला तिथल्या एका बटणाचा हिरवा रंग आवडेनासा झाला.

मी तो निळा केला. करताना हात कुठं लागला कोण जाणे, पण त्या शनिवारी साइटनं एकच खोली एका नवविवाहित जोडप्याला आणि चिंचवडच्या एका भजनी मंडळाला दिली. मंडळ फार समजूतदार होतं. त्यांनी नवरीच्या हातात टाळ दिले आणि नवऱ्याला कोरसमध्ये घेतलं. तरीही त्या नवऱ्यानं नंतर इंटरनेटवर आमच्याविषयी जे लिहिलं, ते वाचून जीनत मला म्हणाली, "अहो, तुम्ही कंपनीतही असंच काम करता का?"

हा प्रश्न जिव्हारी लागला. इतकी वर्षं मी कोड लिहून पोट भरतो. बटण निळं करता येत नाही असं बायकोनं म्हणावं?

अशा वेळी शेजारी धावून येतात. आमचे शेजारी कैलासराव न बोलावताच धावून येतात. ते खंडाळ्याला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. निवृत्त झाले, पण जगातल्या यच्चयावत प्रश्नांकडे ते अजून सिग्नलच्या केबिनमधूनच बघतात.

"नवाज, आमच्या घाटात सिग्नल बिघडला तर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"गाडी घसरते?"

"मूर्खा, सिग्नल आपोआप लाल होतो. बिघाड झाला की गाडी थांबली पाहिजे. पुढे जाता कामा नये. तुझं यंत्र बिघडलं तरी पुढेच धावतं. त्याला लाल दिवा बसव."

सल्ला चांगला होता. कैलासरावांचे सल्ले चांगलेच असतात, तीच त्यांची अडचण आहे. आमच्या धंद्यात अशी सोय असते. आपण कोडमध्ये बदल केला की संगणक स्वतःच त्याची परीक्षा घेतो. पास झाला तर बदल राहतो. नापास झाला तर संगणक तो बदल पुसून टाकतो आणि कोड होता तसा परत ठेवतो. जणू आपण काही लिहिलंच नव्हतं. मी हे जीनतला मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं.

"म्हणजे तुमच्या अम्मींसारखं," ती म्हणाली. "मी डबे हलवले की त्या न बोलता पुन्हा जागच्या जागी ठेवतात."

मी पुन्हा संगणकाकडे वळलो.

परीक्षा घ्यायची म्हणजे एक खोटा पाहुणा हवा. संगणकानं प्रत्येक वेळी त्याच्या नावे बुकिंग करायचं, सगळं नीट होतंय का बघायचं आणि शेवटी ते बुकिंग साइटवरून पुसून टाकायचं. नावाच्या जागी मी आधी 'टेस्ट' लिहिलं. ते अगदीच परकं दिसायला लागलं. मग मी त्याला एक मात्रा दिली आणि तो मराठी माणूस झाला. श्री. टेस्टे. परीक्षा कडक हवी म्हणून त्यांच्याबरोबर घरात मावतील तितकी, म्हणजे अठरा माणसं दिली. तारीख दिली येता रविवार. आणि जेवणाच्या यादीतला एकही पर्याय तपासायचा राहू नये म्हणून सगळ्यांवर खूण केली. गावरान कोंबडी, तांदळाची भाकरी, उपवासाचं आणि जैन.

मी निष्काळजी माणूस नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. टेस्टेंचा निरोप शालूबाईंना जाऊ नये, तो माझ्या फोनवर यावा, असा बदल मी पहिल्याच दिवशी केला आणि चहा आणायला उठलो. परत आलो तेव्हा पडद्यावर हिरवी खूण होती. सगळं ठीक. मी समाधानानं बिस्किट बुडवलं.

मग आठवडाभर सुधारणांचा सपाटा लागला. जीनतला पानावर धरणाचा फोटो मोठा हवा होता. मी तो मोठा केला की काहीतरी नापास व्हायचं आणि फोटो पुन्हा पासपोर्टच्या आकाराचा व्हायचा. कैलासरावांना पानावर गाड्यांचं वेळापत्रक हवं होतं. तिकोणा पेठेला रेल्वे जात नाही, असं मी दबक्या आवाजात सांगून पाहिलं. "म्हणूनच लोकांना माहिती हवी," ते म्हणाले. वेळापत्रक टाकलं की संगणक ते काढायचा, मी पुन्हा टाकायचो, तो पुन्हा काढायचा. कैलासराव माझ्या खुर्चीमागे उभे राहून दर वेळी "लाल!" असं ओरडायचे. आयुष्यात मला पुष्कळांनी खोडून काढलं आहे, पण मीच लिहिलेल्या प्रोग्रॅमनं शेजाऱ्यासमोर खोडावं, हा अनुभव नवीन होता. मी जिद्दीला पेटलो. दिवसभर बदल करत राहिलो आणि दर बदलाला टेस्टेसाहेब आपली अठरा माणसं घेऊन बुकिंग करत राहिले.

माझ्या फोनवर त्यांचा एकही निरोप आला नाही. याचं मला आश्चर्य वाटायला हवं होतं. उलट बरंच वाटलं. काही येत नाही म्हणजे सगळं ठीक, हा आमच्या धंद्यातला जुना आणि गोड गैरसमज आहे.

शनिवारी जीनत बाजारातून हात हलवत परत आली.

"गावरान कोंबडी नाही. एकही नाही. कोंबडीवाला म्हणाला, सगळा माल धरणाकडे, पवन मावळात गेला. कुणीतरी मोठा माणूस येतोय म्हणे."

"पुढारी असेल," मी म्हणालो. "या लोकांना जनतेच्या पैशानं खायला काय जातं!"

रविवारी सकाळी अंबाजीआबांचा फोन आला. पेठेत आमच्या घरात रेंज नाही. निरोप कसाबसा पोचतो, पण बोलायचं तर आबांना देवळामागच्या टेकाडावर चढावं लागतं, आणि तिथेही वारा असेल त्या दिशेनंच आवाज येतो.

"भाऊ, मंडप कुटं घालू? अंगनात का खाचरात?"

"कसला मंडप, आबा?"

"आता! टेस्टेसायबांचा! अंगनात मावायची न्हाईत येवडी मानसं. आमी लय..." आणि वारा फिरला.

मी संगणकाकडे धावलो. निरोप माझ्या फोनवर यावा म्हणून केलेला तो पहिला बदल शोधला. नव्हता. परीक्षेतला एक नियम मीच लिहिला होता की निरोप शालूबाईंच्याच नंबरावर गेला पाहिजे. मी नंबर बदलला, बदल परीक्षेत नापास झाला आणि मी चहा आणत असताना यंत्रानं माझी खबरदारी पुसून टाकली. नंतरची ती हिरवी खूण जुन्या कोडची होती. साइटवरून टेस्टे दर वेळी पुसले गेले होते. शालूबाईंच्या फोनवरून त्यांना पुसण्याची सोय जगात कुठंच नव्हती. आठवडाभराच्या सगळ्या अठरा-अठरा माणसांचा ढीग एकाच रविवारी लागला होता. तो रविवार आज होता.

मी परत परत फोन लावला. लागला नाही. आम्ही गाडीत बसलो. कैलासराव आमचा पेपर न्यायला आले होते, तेही बसले.

"अशा वेळी अनुभवी माणूस बरोबर असावा," ते म्हणाले. दुधिवरे खिंडीपर्यंत त्यांनी मला ब्रेकविषयी माहिती दिली.

पेठेच्या तोंडाशी रस्त्यावर आडवा भला मोठा फ्लेक्स लावला होता. 'मा. श्री. टेस्टेसाहेब व परिवार यांचे तिकोणा पेठ नगरीत सहर्ष स्वागत!' चारी बाजूंनी गावातल्या शुभेच्छुकांचे फोटो, गॉगल लावलेले, फोन कानाला लावलेले. मधोमध फुलांच्या चौकटीत मुख्य फोटोची जागा मोकळी. टेस्टेसाहेब दिसतात कसे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमची गाडी दिसताच ताशा सुरू झाला. कुणीतरी बॉनेटवर झेंडूची माळ टाकली. कैलासरावांनी काच खाली करून हात हलवायला सुरुवात केली, ती काच जीनतनं वर केली.

भात काढून मोकळ्या झालेल्या खाचरात मंडप होता. त्यात एक उंच लाल खुर्ची. मागच्या बाजूला एका रांगेत चुली, रश्श्याची पातेली, पांढऱ्याशुभ्र भाकऱ्यांच्या चवडी आणि गावजेवणाची हंडी भरून इंद्रायणीचा भात. भूक लागावी असा वास होता. मी मात्र पातेली मोजू लागलो. पलीकडे खुराडी, डालग्या आणि उलट्या टोपल्यांखाली अजून न कापलेल्या कोंबड्या कलकलत होत्या. त्या घरोघरून शब्दावर आणल्या होत्या. शब्द अर्थातच माझा होता.

पोलीस पाटील दत्तोबा फेटा बांधून पुढे आले. "या भाऊ. सायेब मागच्या गाडीत का?"

"नाही."

"मंग किती वाजता येत्यात?"

मी खरं ते सांगितलं. "पाटील, टेस्टे असं कुणी नाहीच. ते खोटं नाव आहे. मी संगणकात टाकलेलं."

ताशा थांबला. वाजवणाऱ्यांना ऐकू गेलं नसावं, पण दत्तोबांचा चेहरा त्यांना दिसत होता.

"न्हाई म्हंजी?" दत्तोबा म्हणाले. "मी वर कळीवलंय की. एवडा जमाव हाय, गाड्या हायत, स्पीकर हाय. आता आले न्हाईत म्हनून कळवायचं तर कारन द्याया लागतं."

"अस्तित्वात नसल्यामुळे, असं लिहा."

"असं कारन चालत न्हाई. आजारी, परगावी न्हाईतर मयत. यातलं काय ते सांगा."

"पाटील, जो माणूस नाहीच..."

"मयत लिवलं तर पंचनामा लागंल," दत्तोबांनी मित्रत्वाचा सल्ला दिला.

हे चाललं असताना शालूबाई पदराला हात पुसत आल्या. पहाटेपासून चुलीसमोर असल्यानं त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. आबांनी त्यांना काहीतरी हळूच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कुनीच येनार न्हाई व्हय, भाऊ?"

मी मान हलवली.

"मी उपासाची चूल येगळी मांडली," त्या म्हणाल्या. "बिनकांद्याची येगळी. मला वाटलं, एकेका मान्साला उपास बी हाय, कोंबडी बी हाय, कसलं म्हनायचं हे घरानं! पर म्हनलं, आपल्याला काय करायचंय. येनाऱ्याला उपाशी लावायचं न्हाई." त्यांनी चुलींकडे हात केला. "गावातल्या समद्या बायांस्नी मी बलीवलं. भाकरी थापायला. आता त्यास्नी काय सांगू?"

चुलींपाशी बायका उभ्या होत्या. सगळ्यांचे हात पिठाचे. त्या आमच्याकडेच बघत होत्या. मला वाटलं, मघाचा 'मयत' हा पर्याय मी स्वतःसाठी वापरावा. मी पैशाचं काहीतरी पुटपुटलो. सगळ्यांचे देऊन टाकतो, वगैरे. पैसे शालूबाईंनी विचारलेच नव्हते.

तेवढ्यात जीनतनं चपला काढल्या. सरळ मंडपात गेली आणि पहिल्या पंगतीत मांडी घालून बसली.

"मावशी, वाढा," ती म्हणाली. "मी टेस्टे."

शालूबाईंनी तिच्यासमोर पान मांडलं.

"उपवासाचंही वाढा आणि कोंबडीही वाढा. आणि बिनकांद्याचं काय केलंय तेही थोडं. आमच्या घराण्यात असंच असतं."

मग आबा आपल्या गुडघ्यांना शिव्या देत तिच्या शेजारी बसले. "मीबी टेस्टे," ते म्हणाले. "आमाला भाकरी दोन वाढ, जादा."

मग कुणी थांबलंच नाही. फ्लेक्सवरचे गॉगलवाले शुभेच्छुक बसले, ताशावाले बसले, पीठभरले हात धुऊन बायका बसल्या. प्रत्येक जण बसताना आपण टेस्टे असल्याचं मोठ्यानं जाहीर करत होता. किल्ल्यावरून भुकेजून उतरलेली ट्रेकर मंडळी रस्त्यावर घुटमळत होती. आबांनी त्यांनाही हाका मारल्या. "या, या! आडनाव तेवडं टेस्टे सांगा!" एका म्हातारबाबांनी सांगितलं, की त्यांचं आजोळ टेस्ट्यांकडचंच. शालूबाई वाढत सुटल्या. साबुदाण्याच्या खिचडीवर रस्सा घेऊन खाणारी माणसं मी त्या दिवशी प्रथम पाहिली. वाईट लागत नाही.

दत्तोबाही दोन पंगती थांबून बसले. हात धुताना मला म्हणाले, "मिटलं. टेस्टे परिवार आला, जेवला, शांततेत गेला. तसंच कळीवतो."

इथेच थांबलो असतो तर माझी अब्रू थोडीफार शाबूत राहिली असती. पण राहिल्या होत्या कोंबड्या. न कापलेल्या कोंबड्या ज्याच्या त्याला परत द्यायच्या होत्या, आणि मला एकाएकी वाटलं की हे आपलं काम आहे. होतं तसं करून ठेवणं, यातच तर आपला हात धरणारा कुणी नाही. मी बाह्या सरसावल्या.

"कुणाची कुठली कोंबडी, सांगा. एकेक देऊ या."

सगळ्यांनी एकाच कोंबडीकडे बोट दाखवलं. ती लालसर, धष्टपुष्ट, तुरेवाली होती. तिच्यावर हक्क सांगणारी एवढी घरं निघाली की ती संयुक्त कुटुंबातली असावी. उलट एक लंगडी, पिसं झडलेली कोंबडी कुणाचीच नव्हती. मी तुरेवालीला काखेत धरून न्यायनिवाडा करू लागलो. तिनं माझा चष्मा पाडला.

"नवाज, तुझी पद्धतच चूक," कैलासराव ढेकर देत म्हणाले. "कोंबडीला आपलं घर कळतं. सगळ्यांना एकदम सोड. लाइन क्लिअर दे. आपापल्या स्टेशनात जातील."

मी म्हटलं होतं ना, त्यांचे सल्ले चांगलेच असतात. मी टोपल्या उचलल्या, खुराडी उघडली.

कोंबडीला आपलं घर कळतं हे खरं आहे. संध्याकाळी कळतं. भर दुपारी तिला फक्त मोकळं झाल्याचं कळतं. काही मंडपावर चढल्या, काही भाताच्या हंडीत उतरल्या. ताशावर एक कोंबडा उतरला आणि स्वतःच्याच आवाजाला घाबरून पुन्हा पुन्हा नाचला. ट्रेकर मंडळी व्हिडिओ काढत होती. मी एकीच्या मागे धावत धावत बांधावरून खाली गेलो आणि शेणखताच्या ढिगात उभा राहिलो. तिथून दिसणारा तिकोणा किल्ला फार सुंदर आहे. वरून जीनतचं हसणं ऐकू येत होतं. शालूबाईंचंही. दोघी एकमेकींना धरून हसत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या हसण्याखातर मी अजून थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.

ऊन उतरलं तशा कोंबड्या खरोखरच एकेक करून आपापल्या वाटेला लागल्या. कैलासरावांनी प्रत्येक कोंबडी सुटताना हात वर करून सिग्नल दिला. अंधारायच्या आत घरोघर विचारून झालं. सगळ्यांच्या सगळ्या पोचल्या होत्या. कुणाचं काही कमी नव्हतं. मी छाती फुगवून आबांना म्हणालो, "बघा. होतं तसं झालं की नाही?"

आबांनी मंडपाकडे बोट दाखवलं. प्रमुख पाहुण्यांच्या लाल खुर्चीवर एक पांढरी कोंबडी पाय दुमडून बसली होती.

"ही कुणाची?"

सगळ्या गावानं तिला निरखून पाहिलं. कुणाचीच नव्हती. कुठल्याच डालगीत ती आली नव्हती, आणि कुठल्याच घराकडे जायची तिची इच्छा दिसत नव्हती.

"टेस्टेसायबांची आसंल," दत्तोबा गंभीरपणे म्हणाले. "तुमी घिऊन जावा. हितं ठिवली तर मला परत वर कळवाया लागंल."

पोलीस पाटलांशी वाद घालण्याइतकी पत माझ्याकडे उरली नव्हती. शालूबाईंनी उरलेल्या भाकऱ्या बांधून दिल्या आणि कोंबडी मागच्या सीटवर, कैलासराव आणि माझी लॅपटॉपची बॅग यांच्या मधोमध ठेवली. निघताना त्या खिडकीशी आल्या. "भाऊ, पुडच्या टायमाला टेस्टे येनार आसतील तर आदी फोन करा. मी खुळी हाय का टेकाडावर चडायला? आबांना चडवीन."

वाटेत मी जीनतला सांगितलं, की ते आपोआप पुसणं मी उद्याच काढून टाकतो. तिनं खिडकीची काच खाली केली. गाडीला शेणाचा वास येत होता आणि तो कोंबडीचा नव्हता. दुधिवरे खिंड चढताना मागून एकदम जोरात कलकलाट झाला.

"नवाज," कैलासराव मागून म्हणाले. त्यांच्या आवाजात प्रथमच सल्ला नव्हता. "तुझ्या लॅपटॉपच्या बॅगेत हिनं अंडं घातलंय."

मी गाडी कडेला घेतली. जीनतनं मागे वळून अंड्याकडे बघितलं, कोंबडीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"घ्या," ती म्हणाली. "हे परत आत घालून दाखवा."